ढोल्या बंद, मुका चालू

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की रिंग पूर्ण वाजली आणि कुणी फोन उचलला नाही.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी घाबरते. मागे कुणी शिंकलं तरी माझ्या हातातला चहा सांडतो. आणि फोन लागत होता हिरामावशींच्या बर्फाच्या कारखान्यात, जिथे आदल्या दिवसापासून जुनं मशीन बंद होतं. माझ्या सांगण्यावरून! बर्फ झाला नसेल, तर पावसाळी मासेमारीबंदीनंतर पहिल्यांदाच निघणाऱ्या बोटी धक्क्यावरच बसणार होत्या.

इम्तियाजभाईंनी गाडी काढली. ते आमचे टेक्निशियन, ड्रायव्हर आणि माझ्यापुरती डोकेदुखीवरची गोळी.

"फिकर नको, मॅडम. बंदर येईपर्यंत किस्से काढा."

किस्से काय, ढिगाने आहेत. आमचं काम एनर्जी ऑडिटचं. कारखान्यात वीज, वाफ, हवा कुठे वाया जाते ते शोधायचं. बाकी सगळ्या गळत्या आम्ही बंद करतो, पण किस्से गळत नाहीत, साठतच जातात!

* * *

माझा पहिला दिवस. माणगावजवळची पॅकिंगची फॅक्टरी. मी टॉर्च घेऊन मशीनमागे वाकले आणि कानाशीच आवाज आला... स्सस्स!

पुढच्या क्षणी मी स्टुलावर होते. "साप! साप!"

चार माणसं काठ्या घेऊन धावली, एकजण तर रॉकेल शोधायला गेला. इम्तियाजभाई शांतपणे साबणाचं पाणी घेऊन आले आणि हवेच्या पाइपवर ओतलं. भसाभस फुगे!

"मॅडम, साप खराच आहे. पण दूध नाही पीत, वीज पितो."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात हवेची गळती शोधायला जायचं म्हणजे 'साप पकडायला' जायचं. एकदा एका नव्या क्लायंटच्या रिसेप्शनवर मी तसंच सांगून टाकलं. त्यांनी ऑफिस रिकामं केलं!

* * *

आमचे म्हात्रे सर कामाला एकदम वाघ. दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा त्यांचा नियम. म्हणून अलिबागच्या आमच्या ऑफिसात त्यांनी सेन्सरचे दिवे बसवले. हालचाल थांबली की दिवा बंद.

आता कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस हलतो किती? दर थोड्या वेळाने गुडूप अंधार, आणि दर वेळी माझी किंकाळी! मग आम्ही सवयच लावून घेतली. मान स्क्रीनमध्ये, आणि अधूनमधून हात वर करून हलवायचे.

एक दिवस एक मोठे उद्योजक दारात आले. समोर तिघं जण, नजर खाली, हात वर आणि जोरजोरात हलवतायत. ते क्षणभर थबकले. मग त्यांनीही दोन्ही हात वर केले.

"नमस्कार, नमस्कार! एवढं स्वागत कशाला!"

* * *

इथे मी परत फोन लावला. रिंग, रिंग, रिंग. कुणी नाही.

"बिझी असतील," इम्तियाजभाई म्हणाले.

"बंद पडलं असेल सगळं!"

"मग शांत असेल. शांत असेल तर फोन ऐकू येईल. पुढचा किस्सा!"

* * *

एका कारखान्यात वाफेचा लांबलचक पाइप उघडाच होता. हात लावला तर भाजेल असा. थर्मल कॅमेऱ्यात तो लालभडक दिसत होता. मी खूश! किती उष्णता वाचणार! पाइपाला छान जाड गोधडीसारखं आवरण घातलं.

आठवड्याने मॅनेजरचा फोन. "मॅडम, कामगार तुमच्यावर नाराज आहेत."

"का? गरम व्हायचं कमी झालं ना?"

"तेच तर! डबे कुठे ठेवायचे?"

सगळ्या शिफ्टची कालवणं त्या पाइपावर गरम व्हायची, आणि मी ती थंड केली होती! सरांनी विचार केला आणि रिपोर्टमध्ये गंभीरपणे एक ओळ वाढवली. 'डब्यांसाठी हातभर पाइप उघडा ठेवावा.'

ती शिफारस त्यांनी त्याच दिवशी अमलात आणली. बाकीच्या अजून विचाराधीन आहेत.

* * *

सरांचा आवडता विषय म्हणजे शंभर वर्षांनंतरचं जग. श्रीवर्धनला सुपारी बागायतदारांसमोर त्यांचं भाषण होतं. स्लाइड आली, 'जगाच्या ऊर्जेचं भविष्य'. आणि लाइट गेली!

मी खुर्चीवरून उडाले. अंधारातून एक काका म्हणाले, "भविष्य कळलं, सर. आता पंख्याचं बघा!"

पण सर थांबले नाहीत. अंधारातच बोलत राहिले. सूर्य आहे, वारा आहे, पुढे आणखी काय काय निघेल. पण फुटक्या टाकीला कितीही मोठा नळ लावला तरी ती भरणार आहे का? जी वीज लागलीच नाही, तिच्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही आणि कुणाची जमीनही जात नाही. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आपण साप पकडतो ते केवढं मोठं काम आहे!

तेवढ्यात इम्तियाजभाईंनी विचारलं, "सर, शंभर वर्षांनी वीज फुकट झाली तर आपलं ऑफिस बंद?"

"छे! फुकट झाली तर आणखी गळेल. आपल्याला मरण नाही!"

* * *

आता हिरामावशी.

त्यांच्या कारखान्यात दोन कॉम्प्रेसर. जुना तो ढोल्या. तो चालू असला की काचा, कपबश्या आणि माझे दात एका तालात वाजतात. तिथे मोबाइलची रिंग ऐकू येणं शक्यच नाही. म्हणून मावशींचा मोबाइल पिशवीत घालून ढोल्याच्या मीटरशेजारी खिळ्याला टांगलेला. पिशवीत उजेड पडला की समजायचं, फोन आला. आणि बोलायचं ते बेंबीच्या देठापासून ओरडून.

नवा कॉम्प्रेसर अगदी शांत, म्हणून त्याचं नाव मुका. मावशींचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. "आवाज न्हाय, तं बरफ न्हाय!"

आम्ही पाइपांवरचा क्षार काढला, बर्फाच्या टाकीची मोडकी झाकणं बदलली. मी हिशेब मांडला, तर एकटा मुका पुरत होता! आणि मावशींना तर कोल्ड रूम हवी होती. संध्याकाळी उरलेली मासळी कोळणींना मातीमोल विकावी लागते, ती ठेवायला. पण कारखान्याला मंजूर झालेली बहुतेक वीज ढोल्याच खात होता.

"मावशी, ढोल्या थांबला तर त्याच्या विजेवर कोल्ड रूम चालेल! नवीन वीज नको, काही नको!"

मावशी लगेच म्हणाल्या, "मंग बोटी सुटतील त्या दिवशी दाखव. रिकाम्या दिवशी कोनपन पास व्हतो."

"आणि बर्फ नाही झाला तर?"

"तं कोल्ड रूम इसर. आनि बोटीत बरफाऐवजी तुला घालीन गो पोरी. तशी तू भ्याली का थंडगारच पडतेस!"

आदल्या संध्याकाळी सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज ढोल्याला सोडा. फक्त मुका घ्या.' तो नेमका इम्तियाजभाईंच्या बायकोने वाचला. भाभींना ऑफिसात आणून दोन्ही मशीनचे फोटो दाखवावे लागले.

* * *

बंदराचा उतार लागला. खाली धक्का होता, पण झाडीतून बोटी दिसत नव्हत्या. गेल्या की अडकल्या? मी फोन लावला. परत लावला. परत लावला. माझे हात खरंच थंडगार पडले होते.

आणि फोन उचलला गेला!

पलीकडे चिडीचूप शांतता. मी सवयीने जीव खाऊन ओरडले, "मावशी! बर्फ झाला का?"

"अगो, वरडतेस कशाला? कान हाय मना!" मावशी चक्क कुजबुजत होत्या. "बरफ कवाच गेला. एक लादी मागं न्हाय, बोटी सुटल्या. पन तुझ्या मुक्याला कायतरी झालंय गो. टुणटुण टुणटुण वाजतंय. थांबतंय, परत वाजतंय! सकालधरनं आम्ही सगले त्याच्याभवती कान लावून फिरताव, काय गावत न्हाय. आता ह्या पिशवीत उजेड दिसला म्हनून आले."

"मावशी, आत्ता वाजतंय?"

त्या थांबल्या. ऐकत राहिल्या.

"न्हाय गो. तुझा फोन उचलला, न् बंदच झालं बघ!"