सुईबाई आणि फ्रिजची वही

सुईबाईंनी नर्सच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत किती दंडांना सुया टोचल्या, त्याची मोजदाद नाही. गल्लीतली निम्मी माणसं आजही त्यांना पाहून नकळत डावा दंड चोळतात. त्यांत एक मिशाळ पोलीस अधिकारीही आहे. जास्त खुलासा नको. चावणारी, पलंगाखाली शिरणारी, बेशुद्धीचं सोंग घेणारी, सगळी कार्टी बाईंनी वठणीवर आणली. एकच दंड काही केल्या हाती लागेना. तो त्यांच्या नवऱ्याचा.

नवरा वजनमापांचा निवृत्त निरीक्षक, सगळ्यांचे 'साहेब'. वय एकाहत्तर. दुकानोदुकानीचे तराजू तपासण्यात हयात गेली. अजूनही वाटीभर साखर काढायला सांगितली, की विचारणार, "कुठली वाटी?"

भानगड सुरू झाली ती साहेबांच्या थोरल्या भावापासून. हे दादा म्हणजे घराण्याचं चालतंबोलतं दप्तर. कुणाचं लग्न कधी झालं आणि कुणाचं का मोडलं, सगळं तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी त्यांना विसरण्याचा आजार जडला. गेल्या खेपेला त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाला नळदुरुस्तीवाला समजून थेट न्हाणीघरात नेलं. साहेबांनी मुकाट्याने नळ उघडला, बंद केला आणि म्हणाले, "झालं काम." उद्या आपला नवराही आपल्याला कोण समजेल, हा विचार सुईबाईंच्या डोक्यातून जाईना.

त्यांच्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नागिणीची लस द्या त्यांना. नागिणीच्या फोडांच्या वेदना टळतात हा फायदा तर आहेच. शिवाय ती घेतलेल्या म्हाताऱ्यांमध्ये विसरण्याचा आजार काहीसा कमी आढळतो, असं मोठमोठ्या अभ्यासांत दिसलंय. कशामुळे, ते अजून पक्कं कळलेलं नाही. हमी कुणी देणार नाही.

"काहीसा म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांना व्हायचा, त्या पाचांतला एखादा वाचत असावा, असा अंदाज आहे," बाई म्हणाल्या.

"अंदाजाने मी उभ्या जन्मात तराजूवर शिक्का मारला नाही."

"अहो, शिक्का नाही मारायचा. सुई मारायचीय."

तीन महिने हेच. बाईंनी गोड बोलून पाहिलं, अबोला धरून पाहिला, परगावच्या मुलीला फोनवर रडायला लावलं. पोरांना निदान गोळीचं आमिष दाखवता येतं. या माणसाला मधुमेह. मग एके दिवशी साहेबांना आपल्या पहिल्या वरिष्ठांचं नाव आठवेना. सकाळभर ते कपाटं उघडत राहिले, जणू नाव कुठल्याशा खणात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "कुठे जायचं टोचून घ्यायला?"

बाईंनी कप तसाच ठेवला आणि चपला घातल्या. न जाणो, मन फिरायचं.

चौकातला दवाखाना चकचकीत होता. साहेबांनी बाही वर केली, डोळे मिटले. आणि इथे बाईंची खोड आडवी आली. लस टोचण्याआधी फ्रिजच्या तापमानाची वही बघायची, ही पस्तीस वर्षांची सवय. दोन अंशांच्या खाली नाही, आठांच्या वर नाही, नाहीतर लस बाद; आणि सकाळ-संध्याकाळ नोंद.

"वही दाखवा हो जरा."

काउंटरवरच्या माणसाने कौतुकाने वही पुढे केली. रोज चार अंश. सकाळी चार, संध्याकाळी चार, रविवारीही चार. एका पेनाने, एका बैठकीत. बाईंचं बोट तारखांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"आज किती तारीख?"

"सव्वीस."

"मग तीस तारखेच्या संध्याकाळी चार अंश असणार, हे तुम्हाला कोण सांगून गेलं?"

"आजी, आमचा फ्रिज एकदम भरवशाचा आहे."

"तो असेल." बाई नवऱ्याकडे वळल्या. "उठा हो तुम्ही."

रस्त्यावर आल्यावर बाईंचा संताप तीन दिशांनी उसळला. त्या माणसावर, नवऱ्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. कदाचित लस ठणठणीत असती. आजवर हजार वेळा वही पाहिली, आज एकदा नसती पाहिली तर काय बिघडलं असतं? तीन महिन्यांची मेहनत एका नजरेत मातीत घातली. आता हा माणूस जन्मात बाही वर करणार नाही.

साहेब बाही तशीच वर ठेवून चालत होते. "तीस तारखेचं आजच भरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. बोला आता काय बोलायचं ते."

"मी तिथल्या तिथे टाळं ठोकलं असतं." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "दुसरा दवाखाना कुठे आहे?"

दुसरा दवाखाना जुनाट, पंखा कुरकुरणारा. तिथल्या वहीत आकडे वेडेवाकडे, कुठे पाच, कुठे तीन, आणि एका दिवशी नऊ. पुढे लिहिलेलं: 'वीज गेली. कुप्या बाद केल्या.' खाली सही. बाईंनी वही साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी चष्मा लावून ती वाचली, अगदी सहीसुद्धा, आणि दंड पुढे केला.

"दुसरा डोस दोन महिन्यांनी," नर्सने कार्डावर तारीख लिहिली.

घरी येताना साहेब म्हणाले, "दुसरा डोस कधी म्हणाल्या?"

"दोन महिन्यांनी."

कोपऱ्यावर वळले. "अगं, दुसरा डोस कधी म्हणाल्या त्या?"

बाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. न्हाणीघर, तो नळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला.

"दोन महिन्यांनंतरची सव्वीस तारीख, वार गुरुवार, सकाळी अकरा," साहेब म्हणाले. "नर्सच्या पेनाचं टोपण निळं होतं."

बाईंनी त्यांना एक सणसणीत ठेवून दिली. डाव्या दंडावर, बरोबर टोचल्या जागी. पस्तीस वर्षं ज्या हजारो आयांना 'त्या हाताला धक्का लावू नका' म्हणून बजावत आल्या, त्याच बाईंनी.