वाईला ठेवलेला मावसभाऊ

मला ओळखणाऱ्यांना वाटतं, याच्या पोटात काही राहत नाही. बरोबर आहे. एका नाटकात भर दरबारात राजाची मिशी सुटून तोंडात गेली तेव्हा मी विंगेत होतो. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मिशी आता वीतभर झाली आहे. पण एक सफर आहे — वाईहून महाबळेश्वरपर्यंतची, एकट्यानं केलेली, जेमतेम दीड दिवसाची. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आज सांगतो. ती पोटात घेऊन हिंडायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

मी नाटकांचे पडदे रंगवतो. जातीनं शिंपी, पडदे शिवता शिवता रंगवायला लागलो. सोलापुरात बसून — जिथं उन्हाळ्यात रंग कापडाला लागण्याआधी ब्रशावरच वाळतो — मी किती डोंगर काढले, किती सरोवरं काढली. पाहिलं होतं एकही? डोंगर म्हणजे तीन निळे त्रिकोण. सरोवर म्हणजे खाली आडवा पट्टा आणि दोन हंस. लोक टाळ्या वाजवायचे. सिद्राम वाजवायचा नाही.

सिद्राम माझा मित्र. लिंगायत, तेलाचं दुकान, घरात कानडी, बाजारात मराठी. आईचा एकुलता एक, लग्न व्हायचं होतं. "पेंटर, ह्ये डोंगर हाय का भज्यांची परात?" असं भर थेटरात विचारायचा. त्यानं जुनी फटफटी घेतली तेव्हा तोच म्हणाला, "चल की, तुला खरा डोंगर दावतो. मग तरी नीट काढशील." त्याच्या आईनं — आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो — शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली, आणि आम्ही निघालो.

माळशिरस, फलटण करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाईला पोचलो. तिथं आमच्या ज्ञातीची धर्मशाळा होती. बाहेरच्याला जागा नाही. दोन आळ्या पलीकडे सगळ्यांना चालणारी दुसरी होती आणि ते मला ठाऊक होतं — हे मुद्दाम सांगतो. पण मला खेळ सुचला. व्यवस्थापकांना म्हणालो, "हा माझा मावसभाऊ. घसा पार बसलाय. वैद्यांनी बोलायला बंदी केलीय." सिद्रामनं तोंड उघडलं असतं तर पहिल्याच वाक्याला कानडी हेल आला असता ना. त्यानंही गळ्याला हात लावून अशी काही केविलवाणी मान हलवली की मीच चकित झालो. वहीत त्याच्या नावापुढं माझं आडनाव लिहिलं. खोलीत येऊन आम्ही उशीत तोंड खुपसून हसलो.

सकाळी त्याला जुलाब सुरू झाले. तीनदा, चारदा. डोळे आत गेले होते. मी थांबायला हवं होतं का? — हा प्रश्न मी किती वर्षं स्वतःला असाच विचारत आलो, जणू उत्तर माहीत नाही. गावात पटकीची साथ आहे हे चहाच्या दुकानात माझ्या कानावर आलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. "तू जाऊन ये," तो म्हणाला, "फटफटी जपून चालव. दिवेलागणीच्या आत ये." मी हो म्हणालो. दारातून ओठांवर बोट ठेवून खूण केली — बोलायचं नाही. तो हसला.

आणि मी पसरणीचा घाट चढलो. काय सांगू? डोंगर निळे नसतातच. जवळचा हिरवा, त्यामागचा राखी, त्यामागचा आणखी पाणी घातल्यासारखा फिका, आणि शेवटचा आहे की नाही याची खात्रीच नाही. खाली कृष्णेचं पात्र, कुणीतरी दोरा टाकून विसरल्यासारखं. वेण्णा तळ्यापाशी फटफटी बंद केली. पाण्याला स्वतःचा रंगच नव्हता. काठाच्या झाडांचा काळा त्यानं घेतला होता, आभाळाचा पिवळा घेतला होता. माझ्या एकाही डब्यात तो रंग नव्हता. आता निघालो तरच दिवेलागणीला वाईत — हे मला कळत होतं. निघालो नाही. एका चहावाल्याच्या पडवीत झोपलो. सकाळी धुकं तळ्यावरून उठताना पाहिलं, आणि दुपारपर्यंत पाहतच बसलो. सिद्रामची आठवण झाली? दोनदा झाली. दोन्ही वेळा बाजूला सारली. मी त्या दीड दिवसात फार सुखी होतो.

खाली उतरलो तेव्हा खोली धुऊन चुना टाकलेला होता. सिद्राम आदल्या संध्याकाळीच गेला होता. साथीचं प्रेत ठेवता येत नाही. व्यवस्थापकांनी सकाळी त्याला घाटावर अग्नी दिला होता. आमच्या रीतीनं, आपला माणूस समजून. "शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत हो," ते म्हणाले. "नुसते गळ्याला हात लावायचे. घसा बसलेला ना." मग त्यांनी चांदीचा लहानसा करंडा पुढं केला. "हा गळ्यात निघाला. जरा शंका आली. पण वहीत तुमचं आडनाव. मावसभाऊच ना?"

मी म्हणालो, "हो."

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात. जन्मभर गळ्यातल्या करंड्यात बाळगलेलं इष्टलिंग तेव्हा त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते अखेरपर्यंत अंगावेगळं होऊ द्यायचं नसतं. हे मला माहीत होतं. त्या गावात फक्त मलाच माहीत होतं, तो कोण ते. करंडा मी कृष्णेत सोडला.

अव्वाला सांगितलं, मी उशाशीच होतो. जंगम आणला, मंत्र झाले, बसवला, लिंग हातात दिलं. तिनं विचारलं, "तोंड कुणीकडं केलं?" मी म्हणालो, नदीकडं. पुढं दर वर्षी ती विचारायची आणि मी सांगायचो — उंबराची सावली, ओटा, ओट्यावर कुणीतरी वाहिलेलं बेलपान. सांगण्यात मी कधी कमी पडलो आहे? ती समाधी मी माझ्या कुठल्याही पडद्यापेक्षा सुंदर रंगवली. पडदेही सुधारले म्हणा. वेण्णा तळ्याचा पडदा उघडला की प्रेक्षक अजून श्वास रोखतात.

सहाव्या वर्षी ती म्हणाली, "औंदा मला वाईला ने, तम्मा. त्याच्यापाशी एक डाव बसायचं हाय." ती दुकानाच्या पायरीवर शेंगा फोडत होती. मी क्षणभरही अडलो नाही. म्हणालो, "अव्वा, गेल्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. तो काठच वाहून गेला. ओटा, उंबर, सगळं."

तिचे हात थांबले. म्हणाली, "त्याला पवायला येत न्हाय की रं."

तिनं मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते तिथंच बसून खाल्ले.

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. मागच्या श्रावणात अव्वा गेली. तिला रीतीनं बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं. माती लोटणाऱ्यांत मीही होतो.