तोंडाने लावलेली आग

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, तरी घोलवडच्या चिकूवाडीतली ती दुपार आठवली की मी खुर्चीत ताठ होऊन बसतो. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले. पण धमकी आहे, साक्षीदार आहे, वर कबुलीही आहे आणि तरीही बाई निर्दोष, असे प्रकरण माझ्या वाट्याला एकदाच आले.

जेवणाच्या सुट्टीत पोलीस ठाण्यात फोन आला. एका वाडीतली पॅकिंगची शेड पेटली होती. मी पोहोचलो तोवर आग आटोक्यात आली होती. आत गेलेली एक कामगार बाई भाजली होती. तिला डहाणूच्या रुग्णालयात नेले होते आणि ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती.

वाडीचा सुपरवायझर फाटकातच भेटला. विचारण्याआधीच बोलू लागला, "साहेब, आग कोणी लावली ते मला ठाऊक आहे. परवा एका बाईला कामावरून काढलं. जाताना सगळ्यांसमोर ओरडली, 'तुझी शेड जळून जाईल!' आज पुन्हा आली होती. विचारा वॉचमनला."

वॉचमनने मान डोलावली. "आली होती साहेब. तिची चिकू उतरवायची काठी राहिली होती, ती न्यायला."

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. ती बाई रिक्षाने झरीला, भावाच्या घरी गेली होती.

हेतू, धमकी, हजेरी, पलायन! दोन तासांत गुन्हा उघड, असे मी मनात लिहूनही टाकले. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करणे अवघड, म्हणून जीप पिटाळली. सोबत महिला कॉन्स्टेबल आणि माझे हवालदार. हवालदार वरोरचे, कोळ्याच्या घरातले, माझ्याहून वयाने मोठे.

झरीला ती अंगणात गुडघ्यांत डोके घालून बसली होती. महिलेची चौकशी तिच्या राहत्या जागीच करायची असते, म्हणून तिथेच खाट ओढून बसलो. भाऊ शेजारी उभा होता. मी अजून पहिला प्रश्न विचारलाही नव्हता, तोच ती म्हणाली, "साहेब, मीच लावली आग. माझी मैत्रीण माझ्यामुळे जळली. मला घेऊन चला."

महिला कॉन्स्टेबलने माझ्याकडे पाहिले. मी लगेच वही उघडली. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, पण तिच्यावरून काडेपेटी, रॉकेल, काहीतरी हाती लागते. हवालदार मात्र खाली बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, काडी कुठं ओढलीस?"

तिने मान वर केली. "काडी कसली? मी आत गेलेच नाही. फाटकाशी होते."

"मग लावलीस कशी?"

"तोंडाने," ती म्हणाली. "मी बोलले, जळून जाईल. आणि जळली. मी बोलले नसते तर जळली असती का?"

माझे पेन थांबले. बाई खोटे बोलत नव्हती. तिला मनापासून तसेच वाटत होते. आणि मला लाज वाटली, कारण मीही दोन तास तोच विचार करत होतो: आधी धमकी, मग आग, म्हणून धमकीमुळे आग.

आता मी पहिल्यापासून सुरुवात केली. "तू फाटकाशी असताना काय झालं?"

"मी वॉचमनशी बोलत होते. आतून भप्प करून आवाज आला. पत्रे हादरले. मग धूर."

मी तिथूनच वॉचमनला फोन लावला. "आवाज झाला तेव्हा ती बाई कुठे होती?"

"माझ्यासमोरच उभी होती साहेब."

"मग हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही 'आली होती का' एवढंच विचारलंत."

जो साक्षीदार तिला अडकवत होता, त्याच्याच एका वाक्याने ती सुटत होती! मी उठून उभाच राहिलो. धमकी खरी होती, पण रागात माणसे रोज काहीबाही बोलतात. पलायन खरे होते, पण घाबरलेला माणूस निर्दोष असला तरी पळतो. आग लागली तेव्हा ती शेडपासून लांब होती, ही गोष्ट मात्र वेगळ्या वजनाची होती. आणि तो आवाज? लाकडी खोकी आणि पेंढा पेटतो, धडाका करत नाही.

"परवा भांडण कशावरून झालं?" मी विचारले.

"पुड्यांवरून. चिकू लवकर पिकावेत म्हणून खोक्यात करड्या खड्यांच्या पुड्या ठेवायला लावायचे. मैत्रिणीचे हात सोलले होते. मी म्हटलं, तिला लावू नका हे काम."

हवालदारांचे डोळे चमकले. "साहेब, सकाळी शेडमध्ये जाऊ. आज राहू दे अटक."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला त्यांनी सरळ कोपरा गाठला. तिथे पाण्याची टाकी गळत होती आणि खाली चुन्यासारखा पांढरा लगदा साचला होता. त्यांनी वाकून वास घेतला. "लसणासारखा वास. आमच्या वरोरला बोटींचं वेल्डिंग करतात तिथं हाच वास, हाच लगदा. कार्बाइड आहे साहेब. पाणी लागलं की पेट घेणारा गॅस सुटतो." फळे पिकवायला कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. शेडमध्ये त्याचे अख्खे पोते गळणाऱ्या टाकीखाली पडून होते.

लगद्याचे नमुने घेऊन सीलबंद केले. दुपारी रुग्णालयातून निरोप आला, भाजलेली बाई बोलू लागली. तिने सांगितले, "दारं बंद होती. आत अंधार होता म्हणून दिव्याचं बटण दाबलं आणि भडका उडाला."

चौकशीत सुपरवायझर दहा मिनिटेच टिकला. पोते त्यानेच आणून ठेवले होते. आवाज ऐकताच काय झाले ते त्याने ओळखले होते, आणि बोट दाखवायला ती बाई त्याला आयतीच सापडली होती. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

कागद पूर्ण झाले, पण माझे काम राहिले होते. बाईला ती निर्दोष असल्याचा निरोप पाठवला तर ती म्हणे, "साहेब दयेने सोडतात मला." मैत्रिणीला भेटायलाही ती जाईना. मग मी तिला आणि तिच्या भावाला वरोरला घेऊन गेलो. वेल्डरने सगळ्यांना लांब उभे केले, डब्यात कार्बाइडचा एक बारीक खडा टाकला, वर पाण्याचे थेंब सोडले आणि लांब काठीने पेटता बोळा पुढे केला. भप्प! डब्याचे झाकण उडाले. ती दचकून मागे सरली.

"हाच आवाज," ती म्हणाली. पुढे येऊन तिने डब्यात डोकावून पाहिले. मग विचारले, "म्हणजे मी काहीच बोलले नसते, तरी?"

"तरीही लागली असती."

त्यानंतरच्या नोकरीत समोर कितीही पक्की कहाणी आली तरी मी तिच्यातली एकेक गोष्ट बाजूला काढून त्या बाईचा हाच प्रश्न विचारत आलो: हे नसते, तरी तेच घडले असते का? ज्या गोष्टीला 'हो' असे उत्तर मिळाले, तिच्या आधारावर मी कधी कोणाला अटक केली नाही.

वरोरहून परतताना मी तिला झरीला सोडणार होतो. डहाणूच्या वळणावर तिने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"दवाखान्यात सोडा मला," ती म्हणाली. "तिला बघायचंय."