धोंडीखालची माती

पहाटे साडेतीनला राधाबाईचा दिवस सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत फवारणीचं पाणी पिंपात पडलं पाहिजे, असा बागवाल्याचा नियम. कट्टा गावाजवळच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत विहीर खाली, पिंप वर चढावर. फवारणीच्या पंपाला इंजिन होतं. विहिरीपासून पिंपापर्यंत राधाबाई होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पायाखाली सुटे दगड. हंडा उचलताना जोर लागतोच. खरा जोर तो न सांडता उतरवताना लागतो.

नवरा बाबली फवारणी करायचा. संध्याकाळी त्याचे कपडे ती घरामागं, गोठ्याच्या खालच्या अंगाला, एका जांभ्या धोंडीवर धुवायची. इतर कपड्यांत ते कधी मिसळले नाहीत. धुण्याचं पाणी धोंडीखालच्या खळग्यात मुरायचं. तिथं मुंगी जगत नसे. एका वर्षी सुटलेलं वासरू ते पाणी प्यालं. तोंडाला फेस आला, पाय ताठले, दिवेलागणीपर्यंत संपलं. राधाबाईनं पेज तोंडाला लावली नाही. मग ती कामावर गेली, आणि तेव्हापासून मजुरीतून थोडं बाजूला टाकू लागली. धोंड फोडायची आणि खालची माती खणून काढायची, एवढंच तिला हवं होतं.

जमायला वर्षं लागली. अखेर जेसीबी ठरला. गोठ्यात गाभण गाय होती. ती विण्याआधी खळगा जायला हवा होता.

त्याच सुमारास तिची भाची समीक्षा राहायला आली. ती कॉलेजात जीवाणूंचा अभ्यास करायची. कपडे आपटता आपटता राधाबाई सहज म्हणाली, "हल्ली हयसर मुंगळे येतत गो. आधी येत ते मरान पडत."

समीक्षा थांबली. "औषध बदललां काय?"

"नाय गो, ताच आसा. तेंका इचार." राधाबाईनं नवऱ्याच्या दिशेनं मान वळवली.

समीक्षा खळग्याशी उकिडवी बसली. खालची माती तिनं डबीत भरून घेतली. मग म्हणाली, "आत्ये, जेसीबी महिनोभर थांबव."

"वासरू मेला तेव्हा तू खंय होतंस?"

"गायीक बांधून ठेव. महिनोच मागतंय."

बाबली घरापुढच्या खळ्यातून ओरडला, "थांब गो. माती काय पळान जातली?"

राधाबाई थांबली. त्या महिन्यात गायीचं दावं ती दिवसातून कितीदा तपासायची, ते तिलाच ठाऊक.

माती घेऊन कॉलेजात गेलेली समीक्षा महिन्यानं परत आली ती दोन बाटल्या घेऊन. दोन्हींत धोंडीखालचीच माती नि पाणी, दोन्हींत मोजून सारखंच औषध, दोन्ही सारखेच दिवस ठेवलेल्या. फरक एकच.

"हेतली माती आधी कुकरात शिजयलंय," एक बाटली पुढं करत ती म्हणाली.

"मातयेची आमटी शिकलंस," बाबली म्हणाला. "तुज्या घोवाचा काय खरा नाय."

समीक्षानं करवंटीत साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या दोन्ही बाटल्यांत सोडल्या. शिजवलेल्या मातीच्या बाटलीत त्या तडफडल्या, बुडाला गेल्या, निपचित पडल्या. दुसरीत वळवळत राहिल्या. वर यायच्या, श्वास घ्यायच्या, खाली जायच्या. खळ्यातलं ऊन निघून गेलं तरी राधाबाई बाटलीसमोरून उठली नाही. अळ्या हलतच होत्या.

समीक्षानं समजावलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात, शिजवल्यावर ते मरतात. वर्षानुवर्षं तेच विष पडत गेलं. बरेच मेले, ज्यांना ते फोडता आलं ते वाढले. त्यांच्या अंगात कात्रीसारखं एक एन्झाइम तयार होतं. ते विषाचा नेमका एक सांधा कापतं, की विषाची नांगी जाते. याच कुळातली विषं माणसांनी युद्धात माणसं मारायला बनवली, आणि अशा जातीची कात्री त्यांनाही कापते, हे प्रयोगशाळांत दिसलं आहे. या धोंडीखालची कापते का, ते मात्र ठाऊक नाही, हेही तिनं सांगितलं.

राधाबाईनं जन्मभर ओझं खालून वर नेलं. ओझं तेवढंच राहायचं. तिच्या पायाखाली मात्र कुणीतरी आवाज न करता, पगार न मागता, ओझंच मोडत बसलं होतं.

"म्हंजे गाय पिली तर चालात?"

"अजिबात नाय. तेंका वेळ लागता. आजचा पाणी आज विषच."

"आणि खणलंव तर?"

"विखरतले. असे परत गावतले की नाय, सांगूक येवचा नाय."

राधाबाईनं जिवंत अळ्यांची बाटली सावलीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि जांभ्या दगडाचे चिरे मागवले. गाडी वाटेवरच थांबली. तिथून चिरे दोघांनी वाहिले.

"जंतूंका घर, आणि माका साधी न्हाणी नाय," बाबली धापा टाकत म्हणाला.

"ते काम करतत."

धोंड नि खळग्याभोवती गायीच्या मानेपेक्षा उंच चिऱ्यांचा गडगा उभा राहिला, पक्क्या सिमेंटात, एका अंगाला कपडे धुवायला आत जाण्यापुरतं लोखंडी फाटक. तिची सगळी शिल्लक त्यात गेली.