हरलेल्याच्या बाजूचा शांतिनाथ

शांतिनाथ गेल्याचा फोन त्याच्या धाकट्या भावानं केला. "दादा गेला रं," एवढंच बोलला तो. मी तेव्हा कुपवाडला आमच्या कामाच्या खोलीत, दवाखान्यात जाऊन शांतिनाथशी भांडायची तयारी करून बसलो होतो... आमचा खेळ बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या प्रकाशकाला काय कळवायचं, यावरून आमचं आठवडाभर वाजत होतं.

मी कोरेगावचा, घरात दोन पिढ्या फौजेत. तो आष्ट्याच्या हळद व्यापाऱ्यांच्या जैन घरातला. जुन्या लढायांचा कॉम्प्युटर गेम आम्ही दोघांनी करायला घेतला, तेव्हा सैन्य, किल्ले, रसद माझ्याकडं आली आणि तह त्याच्याकडं. अशा खेळांत तह म्हणजे बहुधा नुसती वसुली. जिंकणाऱ्यानं प्रांत निवडायचे, हरणाऱ्यानं मुकाट मान डोलवायची. शांतिनाथला ते पटायचं नाही. "हरला म्हणून जीभ झडली व्हय त्याची? त्यालाबी घरी जाऊन तोंड दाखवायचं असतंय," म्हणायचा. त्यानं खेळात वकील आणले, बोलणी चालू असताना लढाईही चालू ठेवली आणि प्रत्येक राजाला एकेक हट्ट दिला. हट्ट पुरवला नाही तर तह होतो, पण टिकत नाही.

पहिल्याच चाचणीत गंमत झाली. सगळं हरलेला एक सरदार खजिना द्यायला तयार, किल्ले द्यायला तयार. पण ओढ्याकाठचं एक फुटकळ गाव काही सोडेना. मी म्हटलं, हिशेब चुकलाय. चुकलाच होता. शांतिनाथनं त्या गावाच्या किमतीत एक शून्य जास्त टाकलं होतं. तो पोट धरून हसला. "राहू दे गड्या. आमच्या चुलत्यांनी वाटणीत दुकान सोडलं, पर दारातलं चिंचेचं झाड न्हाई सोडलं. माणूस असाच असतोय." ते शून्य आजही जागेवर आहे.

प्रकाशकाला मात्र हे नको होतं. दोन बटणांत तह उरका, नाहीतर खेळ घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. मी वाकायला तयार होतो. शांतिनाथ दवाखान्यातल्या खाटेवरूनही हटला नाही. "तह काढलास तर ऱ्हातंय काय? नुसती मारामारी." मी म्हणालो, आधी बरा हो, मग बघू...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी एकटाच पुण्याला गेलो. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे करणारा. शांतिनाथ बोलणी करताना टेबलाला वळसा घालून, समोरच्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. मीही तसाच प्रकाशकाच्या माणसाशेजारी बसलो आणि विचारलं, तुमच्या वरच्यांना तुम्हाला नेमकं काय दाखवायचं आहे? नवखे खेळाडू पहिल्याच दिवशी पळून जाऊ नयेत, एवढंच त्यांचं दुखणं निघालं. मग ठरलं, पहिली लढाई झटपट तहाची आणि पुढं सगळं शांतिनाथचं. त्याचा खेळ वाचला. हे ऐकायला तो हवा होता, फार हवा होता.

संध्याकाळी खोलीवर आलो. त्याची खुर्ची अजून तिथंच आहे, माझ्या खुर्चीला लागून. इतकी वर्षं आम्ही कडाकडा भांडलो, आणि तो एकदाही माझ्या समोर बसला नव्हता.