गार होत गेलेला पाइप

परवा शेजारच्या गच्चीवर डांबर ओतत होते. तो वास नाकात शिरला आणि मी थेट भिंगारच्या माळावर, डांबर फासलेल्या बिडाच्या मोठ्या पाइपाशी जाऊन उभी राहिले.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली होती. छावणीला पाणी नेणारा तो पाइप सांध्यांतून गळायचा, आणि आमचे हे कमरेला दोर बांधून आत रांगत जायचे, सांध्यांत शिसं ठोकून गळती बुजवायचे. त्या दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा आतून हातोडीची टकटक येत होती. दोर धरून त्यांचे सोबती भिकाजीभाऊ तोंडाशी बसले होते. मी तापलेल्या पाइपावर सहज हात ठेवला. तो तळव्याखाली हळूहळू गार होत गेला.

"भाऊ, पाणी येतंय!"

"पाण्याची चावी तर बंद हाय," म्हणत त्यांनी दोर ओढला. दोर हलेना. टकटकही थांबली. मी आत वाकून हाका मारल्या. माझाच आवाज घुमून परत आला.

किती वेळाने कोण जाणे, आधी पाय दिसले, मग हे चिंब भिजून बाहेर आले. हसत होते. मला भारी संताप आला. ते हसू भीतीचं होतं, हे आज कळतं.

कुणीतरी न सांगता उघडलेली चावी भिकाजीभाऊ पळत जाऊन बंद करून आले. ह्यांनी दोर पुन्हा आवळला.

"अहो, आता नका जाऊ."

"सांधा अर्धाच झालाय गं."

ते आत शिरले. थोडा वेळ तळपाय दिसले, मग तेही दिसेनासे झाले. आतून पुन्हा टकटक येईपर्यंत मी पाइपावर तळवा टेकवून बसले.