सिस्टरांचं बिनफीचं कार्ड

सिस्टर रक्ताला घाबरत नसत, मोबाइलच्या आवाजाला घाबरत. सगळी नोकरी त्यांनी सरकारी इस्पितळात काढली. साप चावलेले, समुद्रातून बाहेर काढलेले, रिक्षा उलटून डोकं फुटलेले, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते आणि तो हात कधी थरथरला नाही, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका सांगायच्या. पण बँकेचा मेसेज आला की त्यांचा चेहरा उतरायचा. फोन अंगापासून लांब धरून त्या आमच्या अंगणांमधल्या सामाईक दगडी गडग्यापाशी यायच्या आणि हाक मारायच्या, “बाय, हे बघ गो काय लिहिलंय. पैसे गेले का?” मी वाचायचे. बहुतेक वेळा पेन्शन जमा झालेली असायची.

रत्नागिरीत नाचणे रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं चिऱ्याचं लहान घर होतं, शेजारी माझं. मी कॉलेजात शिकवते. त्या निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी गल्लीतली माणसं त्यांना सिस्टरच म्हणायची. सावर्ड्याच्या आतल्या बाजूला एका बौद्धवाडीत त्यांचा जन्म. नवरा मुंबईला गोदीत होता, तो लवकर गेला. एकुलत्या मुलीला, सुजाताला, त्यांनी एकटीने वाढवलं आणि आपल्यासारखंच नर्स केलं. सुजाता पुढे आयर्लंडला गेली. मग घरात सिस्टर, बुद्धाची तसबीर आणि दाराला तीन कड्या.

त्या कड्यांवरून मी एकदा त्यांची थट्टा केली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एकट्या बाईला भिऊन राहावं लागतं. मी भ्यायले म्हणून सुजाता शिकली. नाहीतर कधीच कुणीतरी आम्हाला लुबाडलं असतं.” नवरा गेल्यावर कोण कोण सह्या घ्यायला आलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण कुणीतरी आलं असणार. त्यानंतर मी कड्यांविषयी बोलले नाही.

सुजाता एकदा सुट्टीवर आली तेव्हा आम्ही तिघी रिक्षाने आरे-वारेला गेलो. वर कड्यावरून रस्ता वळतो आणि खाली एकदम समुद्र दिसतो, तिथे सिस्टरांनी डोळे घट्ट मिटले आणि रिक्षाचा दांडा पकडला. “झालं का गो? संपलं का वळण?” खाली वाळूत पोचलो, तर एका पर्यटक बाईचा पाय बाटलीच्या काचेवर पडलेला. भळाभळा रक्त. तिचा नवरा नुसता ओरडत होता. सिस्टर तिच्यापाशी बसल्या, काच काढली, स्वतःची ओढणी फाडून पाय बांधला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “ओरडू नका, पाणी आणा.” परत येताना त्याच वळणावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. सुजाता मला म्हणाली, “आईला दुसऱ्याच्या जिवाची भीती वाटत नाही. स्वतःच्या वाटेला आलेली प्रत्येक गोष्ट तिला खाते.”

पुढे सुजाताला दिवस गेले आणि बाळंतपणाला आईने आयर्लंडला यावं असं ठरलं. तिकिटाचे पैसे मुलीकडून घ्यायला सिस्टर तयार नव्हत्या. व्हिसा, विमान, सगळं ऑनलाइन. बँकेच्या डेबिट कार्डाचं पाकीट त्यांनी आल्यापासून फोडलंच नव्हतं. सुजाताने फोनवर समजावलं, “आई, त्यापेक्षा क्रेडिट कार्ड घे. डेबिटमधून कुणी पैसे लुबाडले तर ते थेट तुझ्या खात्यातले जातात. क्रेडिटमध्ये बिल येईपर्यंत भांडायला तरी वेळ मिळतो. आणि वर्षाची फी नसलेलं घे, पॉइंट मिळतात असं. किराणा, औषधं, लाइटचं बिल त्याच्यावर भर.” भांडायला वेळ मिळतो, हे सिस्टरांना पटलं.

तरी बँकेत जायच्या दिवशी त्यांना सकाळपासून काही खाववलं नाही. मी त्यांच्याबरोबर गेले. टेबलामागची मुलगी भराभर बोलणारी होती. तिने पहिलं कार्ड दाखवलं, त्यावर विमानाचं चित्र होतं. पहिल्या वर्षी फी नाही, पुढे वर्षभरात ठरावीक खर्च केला तर माफ.

“आणि नाही केला तर?” सिस्टरांनी विचारलं.

“तर फी लागेल. पण मॅडम, एवढा खर्च सहज होतो.”

“माझा होत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “फी वाचवायला मी खर्च करायचा, असलं कार्ड मला नको.”

मुलीने दुसरं काढलं. त्यावर ‘आजीवन मोफत’ लिहिलेलं. सिस्टरांनी चष्मा पुसला. “आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? माझं की तुमच्या या योजनेचं?” मुलगी गोंधळली, आत जाऊन साहेबांना विचारून आली. मग पॉइंट कशाकशावर मिळतात, कशावर नाही, हे सिस्टरांनी काढून घेतलं. पेट्रोलवर नाही कळल्यावर त्यांना बरं वाटलं, कारण त्यांच्याकडे गाडीच नव्हती. “या पॉइंटना एक्सपायरी असते का? औषधाला असते तशी?” असते म्हणाली. “परदेशात वापरलं तर वर काही कापतात?” कापतात म्हणाली. “आणि ही किमान रक्कम कसली? तेवढी भरली की बाकीच्यावर व्याज चढत राहणार ना?” शेवटी त्यांनी स्वतःच्या ठेवीवर मिळणारं एक साधं कार्ड निवडलं. फी कधीच नाही, पॉइंट थोडे पण सगळ्यावर सारखे, पूर्ण बिल आपोआप खात्यातून कापलं जाईल. सही करताना त्यांचा तळवा इतका घामेजला होता, की पेन निसटलं.

कार्ड आलं. ते त्यांनी बँडेजमध्ये गुंडाळून औषधांच्या डब्यात ठेवलं. किराण्याच्या दुकानात काढायच्या तेव्हा दुकानदाराला म्हणायच्या, “माझ्यासमोर घासा.” हळूहळू पॉइंट साठायला लागले. महिन्याच्या बिलात तो आकडा बघताना मात्र मोबाइलकडे बघून हसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. “यातून बाळाला लोकरीचं काहीतरी येईल,” त्या म्हणाल्या.

मग तो फोन आला. पॉइंट आज संपतायत, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. सिस्टरांनी फोन कापला आणि धापा टाकत गडग्यापाशी आल्या. “मी काही सांगितलं नाही गो. बरोबर केलं ना?” मी म्हटलं, अगदी बरोबर केलंत, आता विसरा. त्या विसरल्या नाहीत. दिवसभर त्यांनी फोन उशीखाली दाबून ठेवला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, कॉलेजला सुट्टी होती त्या सकाळी, गल्लीत मासे घेऊन येणारी मावशी माझ्या दारात आली. पाटी डोक्यावरच होती. “बाय, सिस्टर दार उघडत नाहीत. बांगडे सांगितले होते त्यांनी. आणि आत कोण बाप्या बोलतोय.”

सिस्टरांच्या घरात पुरुषाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मागच्या अंगणातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, डब्याला टेकवलेल्या फोनकडे तोंड करून. फोनवर पोलिसाच्या गणवेशातला एक तरुण माणूस. तो हिंदीत बोलत होता. तुमच्या कार्डावरून गुन्हा झाला आहे, मुलगी सुजाता आयर्लंडमध्ये आहे ना, तिची नोकरी जाईल, तुमचा व्हिसा रद्द होईल. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. बँकेत जाऊन ठेव मोडायची आणि पैसे सांगू त्या खात्यात तपासासाठी ठेवायचे.

सिस्टरांनी मला पाहिलं. चेहरा न हलवता, मांडीवरची बोटं तेवढी उचलून त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला आजही आठवावंसं वाटत नाही. आणि खरं सांगते, मीही थिजले. असली लबाडी होते हे मला माहीत होतं, मी वर्गात मुलांना सांगितलं होतं. पण तो गणवेश, ते सुजाताचं नाव, तो तुटक आवाज... वाटलं, खरंच असलं तर? मी मध्ये बोलले आणि त्यांचं जाणं रद्द झालं तर? गज धरून मी उभी राहिले. मागे मावशी पाटी उतरवून माझ्या पदराला धरून उभी.

तो माणूस बोलता बोलता खोकला. पुन्हा बोलायला गेला, पुन्हा खोकला. ढास थांबेना. तोंड फिरवून त्याने रुमालात काहीतरी पाहिलं आणि रुमाल पटकन मुठीत दाबला. सिस्टर पुढे वाकल्या. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

“कितने दिन से खांसी है?” त्यांनी विचारलं.

“माताजी, सवाल मैं पूछूंगा,” तो म्हणाला.

“रात को पसीना आता है? कपडे भीगते हैं?”

“हां,” तो म्हणून गेला.

त्याच्या मागे बऱ्याच माणसांचे आवाज येत होते, सगळे फोनवर बोलणारे. सिस्टरांचा स्वर पार बदलला होता. तो वॉर्डातला असावा, मी पूर्वी ऐकलेला नव्हता. हा टीबी असेल, थुंकी तपासून घे, त्यांनी सांगितलं, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, मध्येच सोडायचं नाही, आणि तुझ्या शेजारी बसलेल्या पोरांकडे तोंड करून खोकू नकोस. तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला. गणवेश त्याला खांद्यात मोठा होत होता. मग खाली वाकून, ओठ जेमतेम हलवत तो म्हणाला, “फोन काट दो, माताजी. दुबारा उठाना मत.”

सिस्टरांनी फोन बंद केला. तीनही कड्या उघडायला त्यांना फार वेळ लागला. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. आता हात थरथरत होते, दातांवर दात आपटत होते. मावशीने आपल्या ओल्या हातांनी त्यांना धरून ठेवलं. “माझी पोर, माझी पोर,” एवढंच त्या म्हणत होत्या. आम्ही आयर्लंडला फोन लावला. सुजाताचा झोपेतला आवाज ऐकला तेव्हा कुठे त्या रडल्या.

कार्ड त्याच दुपारी बंद केलं, पोलिसांत तक्रार दिली. पैसे काहीच गेले नव्हते. सगळे म्हणाले, सिस्टर, तुम्ही जिंकलात. त्यांना तसं वाटत नव्हतं. सुजाताचं नाव त्या लोकांना कुठून कळलं, हे आम्हाला कधीच समजलं नाही, आणि त्या एका गोष्टीने सिस्टर रात्र रात्र जाग्या राहिल्या. फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली. दारात रिक्षा थांबली तरी दचकायच्या. एकदा मला म्हणाल्या, “तो मला शोधत येईल असं वाटतं गो.” आणि थोड्या वेळाने, “त्याला कुणी दवाखान्यात सोडत असेल का?” दोन्ही भीती त्यांच्यात शेजारी शेजारी राहत होत्या.

नवं कार्ड आलं, तेही बिनफीचंच, आणि जुने पॉइंट त्यावर तसेच आले. आता सिस्टर जाणार नाहीत अशी माझी खात्री झाली होती. पण एका संध्याकाळी त्या आल्या, माझ्या टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, “काढ तिकीट. माझी भीती संपेपर्यंत बाळ थांबायचं नाही.” कार्डावरचे आकडे त्यांनी स्वतः टाइप केले. शेवटचं बटण दाबताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या नखांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. साठलेल्या पॉइंटांतून लोकरीचं टोपडं आलं, ते त्यांनी हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.

स्टेशनवर मुंबईच्या गाडीत चढताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “विमान पडलं तर घराची किल्ली तुझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. गाडी हलली तरी दारातल्या माणसांमधून त्यांचा हात दिसत होता. तो निरोपाचा हलत नव्हता, नुसता वर धरलेला होता.

नात झाली. सुजाताने त्यांना परत पाठवलं नाही, आणि त्याही राहिल्या. मला अधूनमधून फोन करायच्या, पण बोलण्याआधी खात्री करून घ्यायच्या. कुणी दुसऱ्याचा आवाजही काढतं असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. “आधी सांग, तुझ्या आईचं माहेर कुठलं?” “आपल्या विहिरीत कुणाची शेळी पडली होती?” बरोबर उत्तर मिळालं की मोठा श्वास सोडायच्या आणि मग बांगड्याच्या भावापासून सुरुवात. मी हसायचे. माझे विद्यार्थी, माझ्या बहिणी, सगळ्यांना मी ही सवय सांगितली. त्यांच्यापैकी काहीजण आता खरंच तसं करतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. काही न विचारता त्या बोलू लागल्या, नात कशी चालते, तिकडे कसं ऊन पडत नाही. मी म्हटलं, “सिस्टर, आज परीक्षा नाही घेतलीत माझी?” त्या म्हणाल्या, “कळतं गो मला. तूच आहेस.” फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ अंगणात उभी होते. त्यांची भीती गेली होती, आणि ती सगळी माझ्याकडे आली होती.

मग एका सकाळी सुजाताच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणी बाई रडत होती, बोलणं कळत नव्हतं. हा फोन खोटा असावा, असं मला वाटलं. तसं असावं म्हणून मी देवाला, बुद्धाला, जो असेल त्याला विनवलं. मी म्हटलं, “थांब. आधी सांग, सिस्टर चहात काय घालतात?”

पलीकडचं रडणं थांबलं.

“मिरी,” ती म्हणाली. “मिरी घालायची आई.”

उत्तर बरोबर होतं.